टूर डी फ्रान्स टीव्हीवर बघताना घाट सपाट का दिसतो? (आणि बाकीच्या तक्रारी)

डबलसीट (अंबाजोगाई):

मंडळी, टूर डी फ्रान्स म्हणजे तीन आठवड्यांची सायकल रेस, टप्प्याटप्प्यानं (एक टप्पा म्हणजे स्टेज), सगळ्या टप्प्यांची वेळ मिळून ज्याची कमी तो जिंकला. जुलै आला की आमच्या घरात एक भांडण ठरलेलं. फ्रान्स आपल्या साडेतीन तास मागं, तिकडं पाच-सव्वापाचला स्टेज संपते म्हणजे आपल्याकडं साडेआठ-पावणेनऊ, आणि बरोब्बर तीच वेळ आईच्या मालिकेची. टीव्ही एक, रिमोट एक, तोही तिच्या पदराखाली. त्यामुळं शेवटचे पाच किलोमीटर मी बहुतेक वेळा गच्चीवर मोबाईल धरूनच बघतो. पण आज ते रडगाणं नाही, आज कॅमेऱ्याबद्दल लिहायचंय.

माझं म्हणणं असंय की सायकल रेस दाखवताना टीव्ही रोज खोटं बोलतो आणि आपण गुमान ऐकून घेतो.

पहिलं खोटं चढाचं. मागच्या रविवारी आम्ही तिघं मांजरसुंब्याचा घाट चढलो, एक मित्र बाईकवर पुढं बसून उलटं तोंड करून व्हिडिओ काढत होता. माझी जीभ बाहेर, शर्ट पिळून काढावा असा घाम, वर पोचल्यावर दहा मिनिटं बोलता येईना. घरी येऊन मोठ्या कौतुकानं वडिलांना दाखवला तर ते म्हणाले, हे तर सपाटीला चाललेत की, एवढं धापा टाकायला काय झालं? मी पुन्हा बघितला, आणि खरंच, रस्ता एकदम ताटासारखा. टूरमधल्या घाटांचं अगदी हेच होतं. आल्प द्युएझ म्हणजे १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के चढ, म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर वर, शंभर पावलांत दोन-अडीच मजले चढल्यासारखं आणि ते सुद्धा तास-पाऊण तास न थांबता (आपण, ते लोक नाही, ते चाळीस मिनिटांच्या आतबाहेर जातात). टीव्हीवर मात्र पोरं बाजारात निघाल्यासारखी दिसतात. मी आता एक शिकलोय, चढ बघायचा तर रस्त्याकडं बघायचंच नाही, कडेच्या घराकडं बघायचं. घराच्या एका कोपऱ्याला रस्ता जोत्याला लागलेला असतो आणि दुसऱ्या कोपऱ्याला खिडकीला, तिथं कळतं काय चाललंय ते.

दुसरं खोटं अंतराचं. पुढच्या मोटारसायकलवरून लांब लेन्सनं मागं बघतात, तेव्हा पळून गेलेल्या चौघांच्या मानेवर अख्खं पेलोटन, म्हणजे मागचा मोठा घोळका, बसलंय असं वाटतं. वर पट्टीवर आकडा ३० सेकंद. आता ४५ च्या वेगाला ३० सेकंद म्हणजे पावणेचारशे मीटर झाले, आमच्या गल्लीच्या तोंडापासून पार पाण्याच्या टाकीपर्यंत! तो फरक हेलिकॉप्टरमधूनच दिसतो, पण ऐन मोक्याला हेलिकॉप्टर कुठल्यातरी वाड्याच्या बागेवर घिरट्या घालत असतं.

तिसरं खोटं नाही, तिसरा अन्याय म्हणू. स्टेज जिंकणारा रेषा ओलांडतो, हात वर करतो, मग त्याला मिठ्या, मग त्याचं रडणं, आणि त्याच वेळेला मागं पिवळ्या जर्सीवाल्यांची (एकूण वेळेत जो पुढं त्याला ती मिळते) एकेका सेकंदासाठी मारामारी चाललेली असते ती कोपऱ्यातल्या चौकोनात, तिकिटाएवढ्या. एका स्टेजमध्ये तीन-चार रेसा चालू असतात हो! पिवळी वेगळी, हिरवी स्प्रिंटच्या गुणांची वेगळी, लाल ठिपक्यांची घाटाच्या राजाची वेगळी, आणि सगळ्यात मागं वेळेच्या मर्यादेत पोचायला धडपडणारा जाडजूड स्प्रिंटरांचा (सपाटीला शेवटी जोरात सुटणारे ते) जथा, त्याला ते लोक ऑटोबस म्हणतात. आमच्या एसटीसारखीच आहे ती, सगळ्यांना घेऊन कशीबशी पोचते. ती ऑटोबस टीव्हीवर दाखवतच नाहीत म्हटलं तरी चालेल.

लिहा तुम्हाला काय वाटतं ते.

तर्कटराव (परभणी):

मला वाटतं तुम्हाला कामं नाहीत. चार-चार तास एक घोळका सूर्यफुलाच्या शेतातून चाललाय आणि दोन इंग्रज वाईनबद्दल बोलतायत, ह्याला खेळ म्हणायचं? हायलाइट्स बघा ना दहा मिनिटांची, विषय संपला. आणि एवढं करून खरं-खोटं नंतरच कळणार. आर्मस्ट्राँगनं १९९९ ते २००५ सलग सात जिंकल्या, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि उत्तेजकं घेतली म्हणून २०१२ ला सातच्या सात काढून घेतल्या. कॅमेरा सोडा, तिथं माणूसच खोटं बोलत होता.

डबलसीट:

आर्मस्ट्राँगचं मान्य. माझ्या खोलीत त्याचं पोस्टर होतं, ते मी स्वतः फाडलं, आता अजून काय करू.

पण हायलाइट्सचं नाही पटत तर्कटराव. २०२० चं सांगतो, कोविडमुळं टूर त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी सुरू झाली होती. १९ सप्टेंबर, विसावी स्टेज, ला प्लांश दे बेल फी नावाच्या डोंगरावर ३६.२ किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाशी शर्यत. रोग्लिच अकरा दिवस पिवळ्या जर्सीत, ५७ सेकंद पुढं, सगळ्यांनी त्याला हार घालून ठेवलेला. मागं पोगाचार, बाविसावा वाढदिवस दोन दिवसांवर. मी ती स्टेज पहिल्यापासून बघितली, ५७ चे ४०, ४० चे २०, मग शून्य, मग उलटं, एकेक सेकंद गळताना. रोग्लिचचं हेल्मेट तिरकं झालं ते त्याला नीट करता येईना. आणि त्या दिवसाचं सगळ्यात भारी चित्र रस्त्यावरचं नव्हतंच, त्याच्याच टीमचे दोघं, दुमुलां आणि वान आर्ट, आपली ट्रायल संपवून खुर्च्यांवर बसून स्क्रीन बघत होते आणि कॅमेरा त्यांच्या तोंडावर. घरी टेलिग्राम आल्यावर माणसं बसतात ना तसे बसले होते. पोगाचार ५९ सेकंदांनी टूर जिंकला. हे दहा मिनिटांत दाखवलं तर नुसता निकाल कळतो, ते गळणं नाही कळत.

आणि "काहीच होत नाही" म्हणता त्या तासांबद्दल आमच्या आजीचं ऐका. ती लॉकडाऊनमध्ये माझ्याशेजारी बसून बघायची. एक पोरगं मागं टीमच्या गाडीपाशी जातं, पाठीत, पोटात, गळ्याशी सात-आठ पाण्याच्या बाटल्या कोंबतं आणि फुगलेल्या पोत्यासारखं होऊन परत पुढं जातं. आजीनं विचारलं, ह्याला काय रोज देतात? मी म्हटलं हा पाणक्या आहे, ह्याचं कामच ते, स्वतः जिंकायचं नाही, साहेबाला पाणी द्यायचं, वाऱ्यात त्याच्या पुढं चालायचं. तिला पटलं. पण मग साहेबानं दोन घोट पिऊन अर्धी बाटली रस्त्याच्या कडेला फेकली, तेव्हा ती जी भडकली! "पाणी फेकलं की रे भाड्यानं!" आमच्याकडं टँकरमागं घागरी घेऊन पळालेली बाई ती. त्यानंतर रोज ती बाटल्याच मोजायची. पुढच्या वर्षी २०२१ ला नियमच झाला की बाटली ठरलेल्या जागीच टाकायची, कचऱ्यामुळं केला तो, पण आजीला मी सांगितलं तुझी तक्रार पोचली.

केबलवाला_जालना:

दादा तुमची तक्रार रास्त आहे पण जरा तांत्रिक बाजू पण समजून घ्या, मी वीस वर्षं केबलचा धंदा केलाय, डिश बसवण्यापासून सगळं.

क्रिकेटला मैदान एका जागी असतं, तारा टाकल्या, कॅमेरे लावले, झालं. इथं मैदानच रोज दीडशे-दोनशे किलोमीटर पळतंय. मोटारसायकलवर मागं बसलेला कॅमेरामन चित्र काढतो, त्याचा सिग्नल वर हेलिकॉप्टरला जातो, तिथून आणखी वर घिरट्या घालणाऱ्या विमानाला, तिथून खाली शेवटच्या रेषेपाशी ओबी व्हॅनला (प्रक्षेपणाची गाडी), आणि तिथं डायरेक्टर भिंतभर स्क्रीन बघून एक चित्र निवडतो. म्हणजे डोंगराआडच्या मोटारसायकलचं चित्र आभाळातून उडी मारून येतं. आभाळ बिघडलं, हेलिकॉप्टर खाली उतरलं, की चित्राचे चौकोन व्हायला लागतात आणि मग शेवटच्या रेषेचा खांबावरचा कॅमेरा आणि ओला रस्ता बघत बसायचं. आपल्याकडं पाऊस आला की डिश जाते ना, तसंच समजा, फक्त खर्च कोटींचा.

अजून एक, ते चित्र फ्रेंच लोकच तयार करतात आणि जगभर तेच जातं. इंग्रजीवाले, इटलीवाले, सगळे त्याच चित्रावर बोलतात. त्यामुळं हेलिकॉप्टर वाड्यावर का गेलं ह्याचा राग कॉमेंट्रीवाल्यावर काढू नका, त्या बिचाऱ्यालाच माहीत नसतं पुढचं चित्र काय येणार ते.

पहिल्यांदा लाइव्ह दाखवली ती १९४८ ला, पॅरिसमध्ये फक्त शेवट. आणि सगळ्या स्टेजा पहिल्या किलोमीटरपासून शेवटपर्यंत दाखवायला २०१७ उजाडलं. एवढी वर्षं लोक अर्धवटच बघत होते.

उदगीरची:

पाणक्या हा शब्द मी आता चोरला 😄

मी बाईमाणूस असून ह्यात कशी पडले असं सगळे विचारतात, पण माझा प्रश्न उलटाय, बायकांची टूर तुम्ही कुणीच कामून काढली नाही अजून? २०२२ पासून पुन्हा सुरू झालीय. आणि २०२४ ची तर पुरुषांच्या कुठल्याही टूरपेक्षा जवळची झाली. डेमी व्होलरिंग पिवळ्या जर्सीत होती, पाचव्या स्टेजला शेवटच्या काही किलोमीटरवर पडली, पावणेदोन मिनिटं गेली. मग शेवटच्या दिवशी आल्प द्युएझ, तिनं आधीच्याच घाटावर जवळपास सगळ्यांना फोडलं आणि वर पहिली पोचली. आणि मग सगळं जग घड्याळाकडं बघायलंय, कारण पोलंडची काशा नेव्हियादोमा मागून येतेय. ती आली, कोसळली, आणि ४ सेकंदांनी टूर जिंकली. चार! पुरुषांच्यात सगळ्यात कमी फरक आठचा, १९८९ ला लेमाँडनं फिन्योंला हरवलं तो.

त्या दिवशी मात्र डायरेक्टरला मी शंभर मार्क दिले डबलसीट, तुमची तिसरी तक्रार तिथं नव्हती. जिंकलेलीला सोडून कॅमेरा मागच्या बाईवर गेला, बाजूला घड्याळ लावलं. म्हणजे येतंय त्यांना, मनावर घेतलं तर.

माझी तक्रार आवाजाची. रस्त्याचा आवाज ऐकायचाय मला. चेन बदलल्याचा, ब्रेकचा, उतारावर नव्वदच्या वेगानं जाताना वारा कसा वाजतो तो. ते सगळं बडबडीखाली जातं. अपवाद कॉमेंट्रीवाला शॉन केली, तो माणूस दहा मिनिटांत चार वाक्यं बोलायचा पण कोण आता गळणार ते आधी सांगायचा. पारी-नीस ही फ्रान्सची रेस सलग सात वेळा जिंकलाय म्हणा तो, आयर्लंडच्या शेतकऱ्याचं पोरगं. बोलणं पण तसंच, आमच्या मामासारखं, पाऊस येईल का विचारलं तर वर बघून "हूं" म्हणणार.

भुईमूग (निलंगा):

शेतकऱ्याचा विषय निघाला म्हणून लिहूलालाव. मला रेसमधलं लई कळत नाही, पोरगा बघतो म्हणून मी बघतो, आणि मी बघतो ते फक्त शेतं. खोटं कामून बोलू.

तुम्ही हेलिकॉप्टरला नावं ठेवूलालाव पण मला तेच आवडतंय. तिथले शेतकरी वरून दिसावं म्हणून रानात गवताच्या गठ्ठ्यांची सायकल मांडतात, चाकाच्या जागी ट्रॅक्टर गोल-गोल फिरवतात, माणसं रिंगण करून पळतात, हेलिकॉप्टर वरनं गेलं की चाक फिरल्यावानी दिसतंय. एकच नंबर! आपल्या निलंग्यात पण रानात महाराजांचं हिरवं चित्र उगवलं होतं, सगळा महाराष्ट्र बघायला आलता. तेव्हा मला वाटलं की आपल्याकडून अशी रेस गेली तर हेलिकॉप्टरला दाखवायला काय कमी आहे. नळदुर्गाचा पाणीमहाल, औशाचा किल्ला, कंधारचा, पुढं दौलताबाद. फ्रान्सवाल्यांचे वाडे काय दाखवता.

आणि एक दिवस मला रेस पण कळली बरं का. २६ जुलै २०१९. घाटाच्या वर लख्ख ऊन आणि पलीकडच्या अंगाला गारपीट, रस्त्यावर गारांचा असा थर की मशीन लावून ढकलूलालते, पुढं दरड पण आली. रेस मधीच थांबवली, इझरान नावाच्या घाटमाथ्यावर जो जसा होता ते टायमिंग धरलं. त्याच्यात फ्रान्सच्या पोराची पिवळी जर्सी गेली आणि कोलंबियाच्या बेर्नालला मिळाली. ते रस्त्यावरचं पांढरं बघून माझ्या पोटात गोळा आला. हरभरा काढायला आलेला असताना आमच्या रानात तेच बघितलंय मी. फरक एवढाच की तिथं गाडीवाल्यानं पंचांना फोन केला आणि लगेच निर्णय झाला, आमचा पंचनामा व्हायला दीड महिना लागला.

तर्कटराव:

भुईमूग, हे भारी लिहिलंत. मालक तुमच्यासाठी मी एक स्टेज बघीन.

नांदेडी_नाना:

उशिरा आलो. डबलसीट, तुम्ही मोटारसायकलींबद्दल अर्धंच लिहिलंत. त्या नुसतं खोटं दाखवत नाहीत, रेसमध्ये हात घालतात. साधं गणित आहे, पुढच्याच्या मागं चिकटून चाललं की वारा लागत नाही, घोळक्यात माणूस किती ताकद वाचवतो. मग कॅमेऱ्याची मोटारसायकल पुढं पंधरा-वीस मीटरवर असली तर तिच्या मागची हवा कुणाला मिळते? ज्याचं चित्र काढायचंय त्यालाच. म्हणजे जो स्टार त्याच्यापुढं कॅमेरा, आणि ज्याच्यापुढं कॅमेरा त्याला फुकटचा वारा कमी. पोगाचार-विंगेगोर हे स्टार जोरदारच आहेत, पण मला हे खटकतं.

आणि १४ जुलै २०१६ विसरलात का! व्हाँतू डोंगर. वर वारा एवढा की शेवट सहा किलोमीटर खालीच आणला, त्यामुळं सगळी गर्दी खाली दाटली, रस्ता बंद, कॅमेऱ्याची मोटारसायकल अडकली आणि तिच्यावर पोर्ट, फ्रूम, मोलेमा जाऊन आदळले. फ्रूमची सायकल मोडली, टीमची गाडी मागं अडकलेली, तर पिवळी जर्सी घातलेला माणूस सायकलचे बूट घालून घाटात पळत सुटला! बस चुकलेल्या मास्तरसारखा. मी हसून-हसून खुर्चीवरून पडायचा राहिलो. नंतर पंचांनी त्याला मोलेमाचंच टायमिंग दिलं, ते बरोबरच होतं.

आपल्याकडं मुंबई-पुणे रेसला बोरघाट पहिला चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात, आमच्या लहानपणी ते फक्त दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळीत वाचायला मिळायचं. कोण कुठं सुटला, कोण पंक्चर झाला, सगळं आपलं आपणच मनात रंगवायचं. त्यामुळं टीव्ही खोटं बोलतो म्हणता तरी मला गोड लागतं.

डबलसीट:

नाना, वाऱ्याचा मुद्दा शंभर टक्के. आणि आडव्या वाऱ्याचा तर त्याहून. आमच्याकडं उन्हाळ्यात माळावर वारा सुटतो तेव्हा आम्ही चौघं तिरकी रांग धरतो, बगळ्यासारखी, एकाच्या बाजूला दबून दुसरा. पण रस्ता संपतो हो! चौथा बसतो, पाचव्याला जागाच नाही, तो डांबराच्या कडेला खडीवर, एकटा वारा खात. टूरमध्ये असं झालं की पाच मिनिटांत दोनशे माणसांचे चार तुकडे होतात, डोंगर नाही, चढ नाही, सपाट रस्त्यावर टूर हरतात लोक. आणि हे समोरच्या मोटारसायकलवरून अजिबात कळत नाही, फक्त वरून दिसतं. म्हणून भुईमूगकाका, हेलिकॉप्टरला मी नावं नाही ठेवत, ते वेळेवर रस्त्यावर आणा एवढंच म्हणतोय. शेतं सपाटीच्या तासात दाखवा की निवांत.

केबलवाला_जालना:

उदगीरच्या ताई, तुमच्यासाठी मी सेटटॉप बॉक्सचं ऑडिओचं बटण दाबून बघितलं. इंग्रजी १ आणि इंग्रजी २ असं येतं. दोन्हीत तोच माणूस बोलतोय.

उदगीरची:

😂 तरी आभार.

भुईमूग:

पोरानं हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणूलालाय की आपण पण रानात सायकल काढू. आता सोयाबीन उभंय, दिवाळीच्या आसपास निघालं की हरभरा पेरायच्या आधी आठ दिवस रान मोकळं असतंय. नांगराच्या तासानं काढता येईल. वरून फोटो कोण काढणार पण?

केबलवाला_जालना:

भाच्याकडं ड्रोन आहे, लग्नाच्या शूटिंगचा. डिझेलचे पैसे द्या, आणतो त्याला.

तर्कटराव:

आधी सोयाबीनचा भाव बघा, मग सायकल काढा.

भुईमूग:

भाव बघूनच काढूलालाव. दुसरं काय हातात राहतंय.

डबलसीट:

मी येतो. पण काका, दोन्ही चाकं एका मापाची झाली पाहिजेत, नाहीतर वरून बैलगाडी दिसायची. मधोमध खुंटी ठोकून दोरीनं गोल आखून घेऊ. खुंटी आणि हातोडा माझ्याकडं आहे, साठ फुटाचा दोर कुणाकडं आहे का?

नांदेडी_नाना:

आमच्या विहिरीचा आहे. ऐंशी फुटी. पण परत पाहिजे.